अर्धवट संशोधन खुल्या व्याख्यानात सांगावं का?

वाशीची_मोठी

नवी मुंबईतल्या एका विद्यापीठात सध्या दर शनिवारी प्रतिकारशक्तीवर संशोधन करणाऱ्यांची व्याख्यानमाला चालू आहे. प्रवेश विनामूल्य, सर्वांना खुला. गेल्या शनिवारी मी धाकट्या बहिणीला घेऊन गेले. तिला सात वर्षांपासून ल्युपस आहे. तिची प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, उलट ती तिच्याच सांध्यांवर, कातडीवर आणि आता मूत्रपिंडांवर उठली आहे.

विषय होता नियामक टी पेशी. टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा एक प्रकार. आपल्याच शरीरावर हल्ला करणाऱ्या पेशींना त्यातल्या नियामक पेशी आवर घालतात. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. वक्त्या छान बोलल्या, हे आधीच सांगते. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेतलं काम दाखवलं. या पेशी बाहेर वाढवून परत शरीरात सोडल्या की मूत्रपिंडाची सूज उतरते. पडद्यावर लाल रेघ वर चढत गेली, निळी खाली आली. बहिणीने प्रवेशपत्रिकेच्या पाठीमागे 'टी-रेग' असं या पेशींचं इंग्रजी छोटं नाव लिहून त्याभोवती पेनाने दोनदा गोल काढला. परतताना सानपाड्यापर्यंत ती त्याबद्दलच बोलत होती. इतकी खुललेली मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी तिची स्टेरॉईडची गोळी डबीत तशीच दिसली. रविवारचीही. "आता ते पेशींचं येतंय ना, मग कशाला तोंड सुजवून घेऊ?" असं म्हणाली. अर्धा तास भांडल्यावर तिने गोळी घेतली.

माझं मत स्पष्ट आहे. जे काम अजून अर्धवट आहे ते तज्ज्ञांच्या परिषदेत मांडावं, खुल्या सभागृहात नको. तिथे आजारी माणसं आशेने येऊन बसलेली असतात.

खारघरचा_शेजारी

ताई, बहिणीची काळजी समजते, पण हे मला पटत नाही.

मी अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्राजवळ राहतो. भारतातल्या पहिल्या रुग्णाला कार-टी पेशी दिल्या गेल्या त्या तिथेच, जून २०२१ मध्ये. मुंबई आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांचं हे काम. रुग्णाच्या टी पेशी काढायच्या, बी पेशी या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशींवर असलेली सीडी-१९ नावाची खूण ओळखून त्या मारायला त्यांना शिकवायचं आणि पुन्हा शिरेतून सोडायच्या. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याआधीची सगळी वर्षं ते 'अर्धवट' कामच होतं. त्याबद्दल कोणी बोललंच नसतं तर चाचणीला रुग्ण कुठून मिळाले असते?

आणि तुमच्या बहिणीच्याच आजाराचं सांगतो. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी हाच उपाय औषधांना न जुमानणाऱ्या ल्युपसच्या पाच रुग्णांवर केला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. पाचही जणांचा आजार तीन महिन्यांत शांत झाला होता. फक्त पाच जण, म्हणजे कामही अर्धवटच. पण हे तिला कळू नये असं तुम्ही म्हणाल का?

कळव्याची_डॉक्टर

मी वाशीच्या ताईंच्या बाजूने आहे.

आधी गोळीचं. ताई, स्टेरॉईड बरीच वर्षं चालू असेल तर शरीर स्वतःचं स्टेरॉईड तयार करणं कमी करतं. गोळी एकदम सोडली की रक्तदाब कोसळू शकतो. दोन दिवस चुकले आहेत हे तिच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा.

आता मुद्दा. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना एक नवीन प्रतिपिंड (अँटीबॉडी) टोचलं. टीजीएन १४१२ त्याचं नाव. त्याने याच नियामक पेशी वाढतील अशी अपेक्षा होती. माकडांना जी मात्रा सोसली होती तिच्या पाचशेपट कमी मात्रा दिली होती. तरी सहाही जण काही तासांत अत्यवस्थ झाले, एकेक अवयव निकामी होऊ लागला. सगळे वाचले ते अतिदक्षता विभागामुळे. प्राण्यात जे सोसलं ते माणसात सोसेलच असं नाही, हे आम्ही शिकलो ते अशा किमतीला. सभागृहातल्या आईला किंवा बहिणीला हे कोण सांगतं? माझ्याकडे संधिवाताची एक बाई आली, मोबाईलवर कुठल्याशा नवीन शोधाची चित्रफीत बघून तिने चार महिने औषध बंद ठेवलं होतं. बोटं वाकलेली. ती आता सरळ होणार नाहीत.

नौपाड्याचे_मास्तर

वाशीच्या ताई, एक विचारू? व्याख्यान कोणत्या भाषेत होतं? आणि हा प्रयोग कोणावर केला हे बाईंनी सांगितलं होतं का?

वाशीची_मोठी

मास्तर, इंग्रजीत होतं. कोणावर केला ते मला आठवत नाही. प्रत्येक चित्राखाली 'म्युरीन मॉडेल' असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, ते पद्धतीचं नाव असेल. बहिणीलाही तसंच वाटलं.

घणसोलीची_पीएचडी

ताई, म्युरीन म्हणजे उंदराचं.

मी याच विषयात पीएचडी करते, दुसऱ्या संस्थेत. तुमचं उत्तर वाचून खूप वेळ काही लिहिताच आलं नाही. त्या वक्त्यांनी काही लपवलं नव्हतं, प्रत्येक चित्रावर खरं तेच लिहिलं होतं. आणि तरीही तुमच्या बहिणीला ते कळलं नाही. मीही हेच करते. घरी आईला सांगताना "आमचे उंदीर" म्हणते आणि माईकसमोर उभी राहिले की 'म्युरीन'.

नोबेलमागचा उंदीर कसा होता ते सांगते. स्कर्फी नावाची ही जात १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत आपोआप निपजली. कातडी खवल्यांची, कान जाडसर, प्लीहा भली मोठी, आणि नर पिल्लं काही आठवड्यांतच मरतात. कारण त्यांच्याच टी पेशी त्यांना खातात. त्यातलं बिघडलेलं जनुक, फॉक्सपी-३, ब्रंकाउ आणि रॅम्सडेल यांना सापडलं तेव्हा २००१ साल उजाडलं होतं. माणसाच्या बाळांतही त्याच जनुकातल्या दोषामुळे तसाच आजार होतो, हेही तेव्हाच कळलं.

पण ताई, तुमचा उपाय मला मान्य नाही. साकागुचींनी या पेशी १९९५ मध्ये दाखवल्या, तेव्हा 'आवर घालणाऱ्या पेशी' ही कल्पनाच बहुतेकांनी सोडून दिलेली होती. तिथपासून नोबेलपर्यंत तीस वर्षं गेली. तेवढा काळ आम्ही लोकांशी बोलायचंच नाही? तोवर प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काढे विकणारे थांबतात का? तुमच्या बहिणीला तर ती वाढवून हवीच नाही आहे. हे तिला तरी कोणी सांगायचं?

नौपाड्याचे_मास्तर

मग मूळ दुखणं सापडलं म्हणायचं. आमच्या ठाण्यात रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला जानेवारीच्या थंडीत माणसं कान देऊन बसतात. जयंत नारळीकर आकाशगंगांबद्दल मराठीत बोलायचे आणि शाळकरी पोरं प्रश्न विचारायची. मराठीत 'उंदीर' म्हटलं की माणूस सावध होतो. 'म्युरीन' म्हटलं की मान डोलावतो. व्याख्यान खुलं असेल तर ते मराठीत हवं. निदान पहिल्याच चित्रावर मोठ्या अक्षरात लिहावं : हे काम किती उंदरांवर, किती माणसांवर.

कळव्याची_डॉक्टर

मास्तर, भाषेचं सगळं मान्य. पण 'उंदीर' शब्द ऐकूनही लोक थांबत नाहीत, हे मी रोज बघते. ज्याचं दुखतं आहे तो "सूज उतरली" एवढंच घेऊन घरी जातो. वक्त्याने "आपली औषधं बंद करू नका" हे तोंडाने म्हणायलाच हवं, आणि नंतर दारात थांबायला हवं.

खारघरचा_शेजारी

दारात थांबायला हवं, हे शंभर टक्के. पण त्यासाठी आधी तिथे येऊन बोलायला हवं ना, डॉक्टर.

वाशीची_मोठी

सगळं दोनदा वाचलं. बहिणीलाही वाचून दाखवलं. 'म्युरीन म्हणजे उंदराचं' इथे ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला हे तिथेच कळलं असतं तरी मी ऐकायला थांबले असते." मला याचं उत्तर देता आलं नाही. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. त्या दोन चुकलेल्या गोळ्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

या शनिवारी ती पुन्हा जाणार म्हणते. दोन प्रश्न मराठीत लिहून ठेवलेत. पहिला, किती माणसांवर? दुसरा, मूत्रपिंड आधीच बिघडलेलं असेल तर?

घणसोलीची_पीएचडी

मीही येते. दाराशी उभी राहीन. वक्त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं तर मराठीत सांगेन.

कळव्याची_डॉक्टर

ताई, फोन केलात का?

वाशीची_मोठी

केला. डॉक्टरांनी उद्या बोलावलंय, रक्तदाब आणि लघवी तपासायला. आजची गोळी माझ्यासमोर घेतली.