शब्दचर्चा : उदमांजर, कांडेचोर की जवादी?

मागीलदार

आमचं घर चिपळूणच्या बाजूला. मागीलदारी आंब्याच्या आडव्या फांदीला एक पसरट परळ टांगलाय, त्यात बुलबुल-तांबटांसाठी पिकलेली केळी, पपईच्या फोडी, चिकू ठेवतो. संध्याकाळी उरलेलं सगळं सकाळी सफाचट व्हायला लागलं. परवा रात्री पत्र्यावर धप्प आवाज झाला म्हणून पडवीतून बॅटरी मारली. परळात पुढचे दोन पाय टाकून एक प्राणी चिकू खात होता. अंगाने मोठ्या मांजराएवढा पण लांबट, पाय आखूड, तोंड मुंगसासारखं निमुळतं. शेपूट जवळजवळ अंगाइतकीच लांब. क्षणभर डोळे चमकले आणि स्वारी फांदीवरून कौलांवर पसार. फोटो धूसर आलाय, पण आलाय.

तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि गोंधळ सुरू झाला. आई म्हणते कांडेचोर. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो उदमांजर. कुडाळचे मेव्हणे म्हणतात, उदमांजर नदीत असतं, झाडावर कुठून येईल? नागपूरच्या वहिनींनी 'अगं बाई, मसन्याऊद!' एवढंच लिहिलं. शेवटी कुणीतरी 'जवादी' टाकून दिलं.

तर हे सगळे शब्द एकाच प्राण्याचे का? यातला 'ऊद' म्हणजे देवापुढे जाळतो तो का? आणि लेकीला शाळेच्या भित्तिपत्रकात या फोटोखाली 'लाजाळू निशाचर प्राणी' असं लिहायचंय. मला ते कानाला खटकतंय, पण का ते सांगता येत नाहीये.

रातवा

आधी प्राणी कोण ते ठरवू, नाहीतर शब्दांची नुसतीच फेकाफेक होईल. फोटो मोठा करून शेपटीकडे बघा. शेपटीवर काळे-पांढरे वेढे आहेत का?

मागीलदार

नाही. सरसकट काळी. डोळ्याखाली मात्र फिकट ठिपका आहे आणि पाठीवर पुसट रेघा असाव्यात असं वाटतं.

रातवा

मग तुमच्या आईंचं बरोबर. हा कांडेचोर. शास्त्रीय नाव पॅराडॉक्सरस हर्माफ्रोडायटस. पाठीवर ठिपक्यांच्या किंवा तुटक पट्ट्यांच्या साधारण तीन ओळी, चेहऱ्यावर काळा मुखवटा, शेपूट बिनवेढ्यांची. वजन दोन ते पाच किलो. झाडावर, माळ्यावर, कौलांखाली राहतो, आणि दात मांसाहाऱ्याचे असूनही मुख्यतः फळांवर जगतो. आंबा, केळी, फणस, चिकू, पपई, भेरली माडाची फळं, सगळं चालतं. माडाला लावलेल्या मडक्यातली माडीसुद्धा सोडत नाही, म्हणून इंग्रजांनी त्याला 'टॉडी कॅट' नाव दिलं होतं.

जवादी हा वेगळा प्राणी. त्याच्या शेपटीवर स्पष्ट वेढे असतात, अंगावर ठिपक्यांच्या रांगा असतात, आणि तो बहुतेक वेळ जमिनीवर, झुडपांतून फिरतो. टांगलेल्या परळात उतरून चिकू खाण्याची कसरत कांडेचोरालाच जमते.

दोघांपैकी एकही मांजर नाही, हेही इथेच सांगून टाकतो. मांजर-वाघाचं कुळ वेगळं, यांचं वेगळं. नावातल्या 'मांजर'मुळे आणि अंगावरच्या ठिपक्यांमुळे दर वर्षी कुठे ना कुठे याचं पिल्लू 'बिबट्याचा बछडा' म्हणून वनखात्याच्या दारात जातं.

जुनाबाड

आता 'ऊद'. मराठीत दोन वेगळे शब्द योगायोगाने एकसारखे झालेत.

पहिला ऊद धुपाचा. तो अरबीतून आला. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड, त्यातही अगरूचं सुगंधी लाकूड. आपल्याकडे तो लोबानासारख्या जाळायच्या डिंकाला चिकटला. दर्ग्यात, देवळात, बाळंतिणीच्या खोलीत जळतो तो हाच.

दुसरा ऊद प्राण्याचा. त्याच्या मागे संस्कृत 'उद्र' आहे, आणि उद्र म्हणजे पाण्यातला प्राणी, पाणमांजर. उदक, उदधी यांच्याच घराण्यातला शब्द. इंग्रजीतला 'ऑटर' आणि ग्रीकांचा 'हायड्रा' हे त्याचे लांबचे चुलत भाऊ. हिंदीने हा अर्थ नीट सांभाळला, तिथे ऊदबिलाव म्हणजे आजही पाणमांजरच. मराठीत मात्र ऊद पाण्यातून बाहेर येऊन झाडावर चढला. जर्डन या ब्रिटिश प्राणिअभ्यासकाने १८६७ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांवर ग्रंथ छापला. त्यात तुमच्या या फळखाऊ प्राण्याचं मराठी नाव 'ऊद' असंच दिलंय आणि पाणमांजराचं 'जलमांजर'. म्हणजे ही अदलाबदल दीडशे वर्षांहून जुनी आहे, वर्तमानपत्रांनी काल केलेली नाही.

सुगंधी

मला नेहमी वाटायचं की उदमांजराला उदासारखा वास येतो म्हणून उदमांजर! वास येतो हे तर खरं आहे. आमच्या गावच्या घरी माळ्यावर हे राहायचं. रात्री अचानक आंबेमोहोर तांदळाचा भात शिजल्यासारखा घमघमाट यायचा. आजी म्हणायची, 'आला गो जेवायला.'

जुनाबाड

तुमच्या आजीचं नाक तिखट. याच्या शेपटीखाली गंधग्रंथी असतात आणि तो वास भाताचा, केवड्याच्या पानांचा वाटतो असं बरेच लोक सांगतात. मलायी भाषेत त्याचं एक नाव 'मुसांग पांदान' आहे, आणि पांदान म्हणजे भातात घालतात ते सुवासिक पान. पण उदाचा धूर आणि भाताची वाफ हे दोन वास कुणी एक म्हणणार नाही. शिवाय नाव वासावरून पडलं असतं तर हिंदीत तेच नाव पाणमांजराला कसं गेलं? पाणमांजराला मासळीचा वास येतो.

ग्रंथींची गंमत शास्त्रीय नावातही आहे. नर-मादी दोघांनाही त्या असतात आणि बाहेरून वृषणांसारख्या दिसतात. त्यावरूनच १७७७ साली पॅलास या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 'हर्माफ्रोडायटस' म्हणजे उभयलिंगी असं नाव दिलं. बिचाऱ्याला जन्माचं चिकटलं.

मांडवीतीर

कुडाळच्या मेव्हण्यांची बाजू घ्यायला आलो. तळकोकणात आणि गोव्यात उदमांजर म्हटलं की आम्हांला पाणमांजरच दिसतं. मांडवीच्या खाजणात, चोडण बेटाच्या आसपास कळपाने फिरणारं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या तोंडाशी मासे पकडणारं, बांधावर खवल्यांची विष्ठा टाकून जाणारं. आम्ही पाण्याला उदकच म्हणतो, त्यामुळे आमच्या कानाला उदमांजर म्हणजे सरळ 'पाण्यातलं मांजर'. संस्कृत बघायची गरजच पडत नाही. पुण्याच्या पेपरात 'विहिरीत पडलेल्या उदमांजराला जीवदान' असं वाचलं की पहिला विचार येतो, ते बुडेल कसं?

रातवा

हाच खरा घोळ. एकच शब्द, आणि तळकोकणात गेलं की प्राणी बदलतो. म्हणून मी लिहिताना उदमांजर टाळतो. झाडावरच्याला कांडेचोर, पाण्यातल्याला पाणमांजर. दोन्ही शब्दांत कुणाचा गैरसमज होत नाही.

वर्धेकाठ

मसन्याऊद राहिला. आमच्याकडे हाच शब्द. मसन म्हणजे मसण, स्मशान. हा रात्री मसणात जाऊन पुरलेली प्रेतं उकरतो अशी समजूत. हिंदीत कबरबिज्जू आहे, तोही त्याच वळणाचा. लहानपणी आम्हांला संध्याकाळी घरात घ्यायला हे नाव पुरायचं. दिसलं की लोक काठ्या घेऊन धावतात ते या नावापायी. फळं खाणारा प्राणी, जुनी चिंच-वड सापडतात म्हणून स्मशानाच्या बाजूला राहतो, एवढाच काय तो संबंध.

उकरायची सवय खरी आहे ती रॅटलची (इंग्रजीत 'हनी बॅजर'), आणि हिंदीत बिज्जू त्यालाही म्हणतात. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी. मला विचाराल तर हा शब्द कोशात राहू दे, बातमीत नको. आमच्याकडचे पत्रकार अजून 'दुर्मिळ मसन्याऊद आढळला' असं ठोकून देतात. दुर्मिळही नाही आणि मसनातलाही नाही.

सुगंधी

आणि जवादी? तो 'जवादी कस्तुरी'तलाच का?

जुनाबाड

तोच. अरबीत 'झबाद' म्हणजे या प्राण्याच्या ग्रंथीतून निघणारा लोण्यासारखा सुगंधी स्राव. तो शब्द पश्चिमेला गेला आणि इंग्रजीत 'सिव्हेट' झाला, आपल्याकडे आला आणि जबाद, जवादी झाला. तमिळमध्ये जव्वादु. म्हणजे 'सिव्हेटला मराठी शब्द काय' असं विचारणाऱ्याला 'जवादी' हे उत्तर अगदी सख्खं आहे. संस्कृतात गंधमार्जार आहे, पण तो ग्रंथातच बरा. कानडी-तेलुगूत 'पुनुगू'. तिरुमलाला शुक्रवारच्या अभिषेकानंतर बालाजीच्या मूर्तीला पुनुगू तेल लावतात ते याचंच. आपल्याकडून वारीच्या वारी तिथे जाते, पण हा संबंध फारसा कुणाला ठाऊक नसतो.

'ताडमांजर' असाही एक शब्द अलीकडे दिसतो. इंग्रजी 'पाम सिव्हेट'चं सरळ भाषांतर आहे. कांडेचोर घरात असताना बाहेरून ताडमांजर कशाला आणायचं?

मागीलदार

'कांडेचोर'मधलं कांडे कोणतं? आईला विचारलं तर म्हणाली, चोर आहे एवढं पुरे.

मांडवीतीर

आईंनी शब्दाचा अर्धा भाग तरी सिद्ध केला.

जुनाबाड

कांडं म्हणजे पेर, दोन गाठींमधला भाग. उसाचं कांडं, बोरूचं कांडं. ऊस कुरतडणारा म्हणून कांडेचोर, असं ऐकलंय. अर्थ पटण्यासारखा आहे, पण कोशाचा आधार हाती येईपर्यंत मी तो पैजेवर लावणार नाही.

पाटीपेन्सिल

मूळ प्रश्नातला दुसरा भाग सगळे विसरले. 'लाजाळू निशाचर प्राणी' का खटकतं ते सांगते.

लाजायला समोर कुणाची तरी भीड लागते. नवरी लाजते, पाहुण्यांपुढे मूल लाजतं. लाजाळूच्या झाडाला आपण ते नाव कौतुकाने दिलंय. रानातलं जनावर माणसाला लाजत नाही, बुजतं. मराठीत यासाठी अस्सल क्रियापद आहेच: बैल बुजला, घोडा बुजला, भोंग्याच्या आवाजाने म्हैस बुजली. त्यावरून बुजरा. पाखरांना बुजवायला शेतात उभं करतो ते बुजगावणं. बुजण्यात दचकणं आहे, अंग चोरणं आहे, पळायच्या तयारीत असणं आहे. तुमच्या परळातला प्राणी बॅटरी पडताच जे करून गेला ते बुजणं. 'भित्रा' म्हणू नका, तो दोष झाला. त्याने सावध राहण्यात दोष काही नाही.

'निशाचर' चूक नाही, पाठ्यपुस्तकांत तोच चालतो. पण कथा-कीर्तनं ऐकलेल्या कानाला निशाचर म्हणजे राक्षस. मला 'रात्रिंचर' आवडतो, पण चौथी-पाचवीच्या मुलांना तो अवघड. मग सरळ वाक्यच लिहावं: 'कांडेचोर. बुजरा प्राणी. रात्री बाहेर पडतो.' विशेषणांची माळ कशाला?

वर्धेकाठ

'दर्शन दिलं' असं मात्र लिहू नका. वाघाच्या बातम्यांनी तो शब्द पार घासून टाकलाय. दिसला म्हणजे दिसला.

मागीलदार

लेकीला पटलं. फक्त 'रात्री बाहेर पडतो'च्या पुढे तिने 'आणि आमचे चिकू खातो' जोडलंय. ते राहू दिलं.

एक विषयांतर. फळं ठेवायची त्या परळाला 'बर्ड फीडर' म्हणायचा कंटाळा येतो. दुसरं काही?

पाटीपेन्सिल

दाणे ठेवत असाल तर दाणापात्र छापात रूढ होतंय. फळांसाठी तुम्ही लिहिलंत तेच, परळ. तो परळच आहे.

रातवा

शब्दांचं झालं, आता परळाचं. संध्याकाळी उरलेली फळं काढून घेत चला. त्याला रोजचं आयतं मिळायला लागलं की तो कुत्र्यांच्या टप्प्यात येतो, माळ्यावर मुक्काम ठोकतो, आणि मग घरातलेच वैतागून पिंजरा शोधतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. पकडणं, मारणं दोन्ही गुन्हा. गडग्यावर किंवा कौलांवर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर धुऊन टाकण्याआधी नीट बघा, भेरली माडाच्या बिया त्यात अख्ख्या सापडतात. रानात त्या माडाची रोपं उगवण्यात याचा मोठा हात आहे.

मागीलदार

माळ्यावर खुडबुड ऐकू येते खरी. कौलांखालचं भोक बुजवून टाकू का?

रातवा

आत्ता नको. आधी दिवसा वर जाऊन पिल्लं आहेत का ते बघा, लांबूनच. असतील तर ती मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबा. नसतील तर रात्री तो चरायला गेल्यावर बुजवा. दिवसा बुजवलंत तर तो आत कोंडला जाईल.

पाटीपेन्सिल

हा 'बुजवणे' मात्र दुसरा. विहीर बुजवणे, खड्डा बुजवणे, कान बुजले, यातला. बुजऱ्याशी त्याची नुसती उच्चारापुरती ओळख आहे की काही नातं आहे, यावर नवा धागा काढते.