प्रतिसाद: नियुए आणि न्यूझीलंड
वर कुणीतरी म्हटलंय की नियुए, हे दक्षिण प्रशांत महासागरातलं छोटं बेट, म्हणजे न्यूझीलंडचाच एखादा दूरचा तालुका. पासपोर्ट न्यूझीलंडचा, चलन तिथलंच, संरक्षणही त्यांच्याकडे, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण १९७४ च्या राज्यघटनेनुसार नियुएच्या विधानसभेने विनंती आणि संमती दिल्याशिवाय न्यूझीलंडच्या संसदेचा कायदा तिथे लागू होत नाही. सभागृहात २० सदस्य: १४ गावांचा प्रत्येकी एक, उरलेले सहा सगळ्या बेटाच्या मतांवर. लोकसंख्या दोन हजारांच्या आत, म्हणजे आमदार रोज किराणा दुकानात भेटणार!

चर्चेत न आलेली खरी गुंतागुंत जमिनीची आहे. बहुतेक जमीन 'मागाफाओआ'ची, म्हणजे विस्तारित कुटुंबाची. ती विकता येत नाही, फार तर भाडेपट्ट्याने देता येते. आणि नियुएच्या वंशाचे बहुसंख्य लोक राहतात न्यूझीलंडमध्ये, त्यातही मुख्यतः ऑकलंडला. हक्क मात्र शाबूत. आपल्याकडे सातबाऱ्यावर मुंबईच्या काकांपासून सगळ्यांची नावं असतात, तसंच. परदेशी गेलेल्यांची कित्येक घरं तिथे नुसती पडून आहेत. तरी माझ्या मते या पद्धतीमुळेच बेट हॉटेलवाल्यांच्या घशात गेलं नाही.