खर्च शून्य? मग पहाटेचं पाणी कोण भरतं?

सेलूची_सून
काल इथं सिडकोतल्या एका दादांनी टाकलं होतं, "मनःशांतीला खर्च शून्य. पहाटे ४ ला उठा, गच्चीवर २० मिनिटं डोळे मिटून बसा, महिन्यातून एक दिवस मौन पाळा. हेही जमत नसेल तर तुमची इच्छाच नाही." खाली शे-दीडशे जणांनी हात जोडले. मी रात्री भांडी आवरून वाचलं आणि होती तीही शांती गेली.

दादा, आमच्याकडं नळ आठ-नऊ दिवसांनी येतो, अन् येतो तो पहाटेच. तुम्ही डोळे मिटता तेव्हा मी मोटरीपुढं उकिडवी बसलेली असते. मोटर हवा धरती. मग पाइप काढायचा, तांब्यानं तोंडात पाणी ओतायचं, पाइप परत खुपसायचा, आणि तेवढ्यात शेजारचे आपली मोटर लावून सगळं ओढून घेतात. दोन टाक्या, एक ड्रम, सहा घागरी. सासूबाईंना काकड्याला जायचं असतं, त्यांच्या आंघोळीचं आधी. आमचे मालक रोज पूजेला बसतात, बरोब्बर २० मिनिटं. निरांजन घासलेलं, वाती वळलेल्या, फुलं तोडलेली, नैवेद्याची वाटी झाकून ठेवलेली. त्यांना विचारा, तेही हेच सांगतील. खर्च शून्य.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट प्रत्येक सप्त्यात ऐकते मी. चिखल तुडवता तुडवता काका नामात दंग झाले, लेकरू पायाखाली गेलं. महाराज लोक काकांची ती तंद्री अर्धा तास रंगवतात. बायको कुठं होती? पाण्याला गेली होती. पोराकडं लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली होती. मला त्या गोष्टीत कायम तीच दिसती, डोक्यावर घागर घेऊन परत येताना.

आणि मौनाचं तर बोलूच नका. मी एक दिवस गप बसले तर घरात विचारतात, कामून फुगलीस?

एन_सात_वाला
ताई, ती पोस्ट माझीच. थोडं माझंही ऐका. आमच्या लाइनवरचा एक पोरगा वेरूळच्या बाजूला तीन दिवसांच्या "आत्मशोध" शिबिराला गेला. तंबू, मौन, सेंद्रिय थाळी, १८ हजार रुपये. ईएमआयवर. परत आला तो हप्त्याच्या काळजीनं आधीपेक्षा जास्त चिडचिडा. त्याच्यासाठी लिहिलं होतं ते. मी वाळूजला शिफ्टमध्ये काम करतो, गच्ची बारा फ्लॅटची मिळून एक आहे, टाकीच्या आडोशाला पोतं टाकून बसतो. लई शाही थाट नाही.

"इच्छाच नाही" हे वाक्य जरा जास्त झालं. बाकीच्यावर ठाम आहे.

सेलूची_सून
तुमच्या टाकीत पाणी कोण चढवतं?

एन_सात_वाला
वॉचमन.

सेलूची_सून
झालं तर मग.

मोंढ्यातला_मुनीम
पाण्याचं राहू द्या, फुकट अध्यात्माचा खरा हिशोब मी सांगतो. आमच्या गावात सप्त्याची वर्गणी घरटी १५०० झाली. नाही दिली तर माइकवरून नाव. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि मी माझ्या हातानं ४१०० च्या विक्रीच्या पट्ट्या केल्यात. त्या शेतकऱ्यानं काढणीचे पैसे द्यायचे, का सप्त्याचे? काल्याच्या महाराजांचं पाकीट २५ हजार, फेटा-शाल वेगळी. साउंडवाल्याचे १८ हजार. मागच्या साली भोंगा आमच्या गोठ्याकडं तोंड करून बांधला, गाभण म्हैस सात रात्री दावं तोडत होती. तुकोबांनी कीर्तनाचे पैसे घेणारा आणि देणारा, दोघांनाही नरकात धाडलंय. तो अभंग मात्र एकाही महाराजाला निरूपणाला सापडत नाही.

टाळकरी_आजोबा
मुनीम, मोंढ्यातलं गणित मोंढ्यात ठेवा. चाळीस वर्षं झाली टाळ धरून, एक रुपया घेतला नाही. उलट गुडघे गेले. महाराज तीन तालुके वलांडून येतो, संगं मृदंगवाला, चार गायक. गाडी काय नामस्मरणावर चालती? मृदंगाची शाई निघाली तर ती भरायला पैसे लागतात. आन तुम्ही आडतीवर हमाली-तोलाई कापता तेव्हा म्हैस आठवत नाही व्हय?

मोंढ्यातला_मुनीम
आडतीचा विषय कुठून आला?

टाळकरी_आजोबा
म्हैस जिथून आली तिथूनच.

एकादशी_उपाशी
विषय भलतीकडं चाललाय पण मला पहिल्या पोस्टबद्दल बोलायचंय. संतांच्या घरात डोकावून त्यांच्या बायकांची वकिली करायची आजकाल फॅशन झालीय. गोरोबाकाकांवर बोलायची आपली पात्रता आहे का? आणि गोष्ट अर्धीच सांगितली. पांडुरंगानं लेकरू परत दिलं, ते का गाळलं?

सेलूची_सून
दिलं ना. पण त्यासाठी पांडुरंगाला स्वतः यावं लागलं. आमच्या गल्लीत पाणी सोडणारा येतो, तोही त्याच्या मर्जीनं. आणि पात्रतेचं म्हणाल तर मी ज्ञानेश्वरीची चार पारायणं केलीत, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून. तुमची एकादशीची भगर कोण करतं?

एकादशी_उपाशी
वैयक्तिक जाऊ नका.

मोंढ्यातला_मुनीम
उत्तर मिळालं.

पूर्णा_जंक्शन
मी इथं फक्त वाचत असतो. पण फुकटवरून आठवलं. वडील नांदेडला ११ दिवस ॲडमिट होते. रात्री वॉर्डात खाली चादर टाकून, दिवसा औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळापळ. तिसऱ्या दिवशी जेवायला पैसे काढताना हात आखडला, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसानं गुरुद्वाऱ्यात जा म्हणून सांगितलं. लंगरात बसलो. रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची, हे माहीत नव्हतं, मी ताट पुढं केलं. वाढणारे बाबाजी हसले आणि थांबून राहिले. मी हात पुढं केले. तिथंच रडायला आलं, का ते सांगता येणार नाही. पाचव्या दिवसापासून जेवण झालं की तासभर भांडी घासायला बसायचो. ताटांचा आवाज इतका की डोक्यातला विचार ऐकू येत नाही. गच्चीपेक्षा मला ते मानवलं. पैसे कुणी विचारले नाहीत, पण कुणी तरी पीठ मळतच असतं, हे ताईंचं बरोबर आहे.

सेलूची_सून
तिथं रोट्या पुरुष लाटतात का हो?

पूर्णा_जंक्शन
लाटतात. भांडी पण घासतात. बायाही असतात, पण पुरुष भरपूर.

सेलूची_सून
आमच्या सप्त्यात घरटी ५० पोळ्या द्यायच्या असतात. दुपारी टोपल्या घेऊन पोरं दारात. सात दिवसांच्या साडेतीनशे. त्या वर्गणीच्या पावतीवर येत नाहीत. मुनीमदादा, तुमच्या हिशोबात धरल्या होत्या का?

मोंढ्यातला_मुनीम
...नव्हत्या धरल्या.

नागसेनवन
विपश्यनेचं कुणीच कसं काढलं नाही? दहा दिवस, राहणं-जेवण फुकट, फी नाहीच. शिबिर झाल्यावर वाटलं तर दान द्या. मौन पण असतं आणि कुणी कामून फुगलीस विचारत नाही. अडचण एकच, दहा दिवसांची सुट्टी. मी कंत्राटी आहे, खाडा म्हणजे पगार कापला. म्हणून सध्या विद्यापीठामागच्या लेण्यांच्या पायथ्याशी रविवारी जाऊन बसतो.

तुळजाईचा_पोर
आमची माय पंचाहत्तर ओलांडलेली. २०२२ पासून एसटी फुकट झाली तशी तुळजापूर, माहूर, पैठण सगळं झालं. पिशवीत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आता परवा नामदेवांच्या नर्सीला जाते म्हणली. शांती तिला मिळाली का माहीत नाही, घरात मात्र आहे.

टाळकरी_आजोबा
म्या एक सांगतो मग गप बसतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या साली आमच्या गावात पंगतीला पाणी नव्हतं. सप्ता बंद ठेवायचं ठरलं. मग चार जण म्हणले, नुसता हरिपाठ करू. माइक नाही, मांडव नाही, महाराज नाही, पोळ्या नाहीत. पारावर संध्याकाळी बसायचं. पहिल्या दिवशी नऊ माणसं. सातव्या दिवशी सगळा पार भरला, बाया तिकडच्या कट्ट्यावर. एरवी त्या टायमाला त्या चुलीपुढं असत्यात. एवढा गळा माझा कधी लागला नाही.

मोंढ्यातला_मुनीम
आजोबा, म्हणजे २५ हजाराविना झाला की नाही?

टाळकरी_आजोबा
झाला. तुमच्यामुळं नाही झाला, दुष्काळामुळं झाला.

एन_सात_वाला
ठीक आहे, मूळ पोस्टमध्ये दुरुस्ती करतो. "खर्च शून्य" च्या जागी "पैशाचा खर्च शून्य" केलंय. ४ ची वेळ काढली. आता तरी झोप येईल का ताई?

सेलूची_सून
उपकार झाले. "इच्छाच नाही" अजून तसंच आहे, तेही खोडा.

आज नळ आला, पावणेचारला. हा धागा मालकांनी वाचलाय, कुणी पाठवला माहीत नाही. आपणहून उठले. मोटरीनं हवा धरली तर मला हाक मारायला आले, मी म्हणलं तांब्या तिथंच आहे. गच्चीवर जाऊन बसले. सात मिनिटं झाली असतील. खालून मोटर कोरडी फिरल्याचा आवाज यायला लागला, तो आवाज ऐकून बसणं होत नाही, उतरले. दीड टाकी भरली. पूजा आज साडेआठला झाली, फुलांशिवाय.

एकादशी_उपाशी
पूजेला फुलं नाहीत, याचा आनंद झालेला दिसतोय.

सेलूची_सून
तुम्ही आणून द्या. जास्वंद आमच्या दारातच आहे.

मोंढ्यातला_मुनीम
ते असू द्या. आजोबा, तुमच्या गावात गेल्या सप्त्याचा जमाखर्च देवळाच्या फलकावर लागला होता का? आमच्या गावात तीन साल झाले, मागतोय.