डोस दुप्पट करा म्हणे!

अळीमिळी: परवा एकानं इथं ठोकून दिलं, "कीड थोडंथोडं विष पचवून सवय लावून घेते, म्हणून डोस वाढवत न्या." खाली सगळे वा वा करतायत! अहो, एखाद्या अळीच्या जीनमध्ये बदल आधीपासूनच असतो, फवारणीत बाकीच्या मेल्या की शेत तिच्याच पिलावळीचं. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मज्जातंतूतल्या सोडियम चॅनलला, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनाच्या दाराला धरतं, त्या प्रथिनात १०१४ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअ‍ॅलानिन आलं की पकड ढिली. डीडीटीचंही टार्गेट तेच, म्हणून एकाला पुरून उरलेली कीड दुसऱ्यालाही दाद देत नाही.

झाकणभर: कागदावर सगळं छान. मी डबल डोस मारला, पानं उलटून बघितली, पांढरी माशी साफ! आणि खरं सांगू, रिझिस्टन्सच्या नावाखाली बोगस माल खपवतात. मागच्या हंगामातली बाटली, वास नाही, तळाला साका, पाण्यात ओतली तर दुधाळसुद्धा होईना, आणि विकणारा मलाच सांगतो किडीत प्रतिकार आलाय.

भुंगा: अगदी! तक्रार करायला गेलं की पक्कं बिल मागतात, आणि बिल मागितलं की माल संपलेला असतो.

झाकणभर: बिलावरचा बॅच नंबर बाटलीशी जुळला तर मिशी काढीन.

अळीमिळी: बोगसचं रडगाणं वेगळ्या धाग्यात गा हो. डबल डोसनं कधीकधी काम होतं, मान्य, कारण जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असलेली कीड बऱ्याचदा त्यात मरते. दोन्ही बदललेल्या प्रतीवाली उरते, मग ती कितीला मरणार? पीच-बटाट्यावरचा मावा तर विष जिरवणाऱ्या एस्टरेज या एन्झाइमचा जीनच कितीतरी पटींनी वाढवून बसतो, ओता किती ओतायचं ते.

भुंगा: मग फवारा थांबवला की काही वर्षांनी तेच औषध परत लागू पडतं ते कसं? सवय मोडली म्हणूनच ना?

अळीमिळी: नाही. विष नसताना तो बदल बऱ्याचदा ओझं होतो, अंडी कमी, वाढ हळू, त्यात बाहेरून साध्या किडी येऊन मिसळतात. नेहमीच होतं असं नाही. पण तुम्ही थांबवता कुठे, इमिडाक्लोप्रिड चालेना की थायामेथोक्झाम! दोन्ही एकाच गटातली, गट ४ए, म्हणजे किडीवर मारा करायची जागा तीच, फक्त लेबल नवं.

झाकणभर: बरं बाबा, अळी शिकलेली, आम्ही अडाणी. गट बघून घेईन. आतलं औषध कोणत्या गटातलं आहे ते मात्र बाटली भरणाऱ्यालाच विचारावं लागेल.