शिडीचं गणित: घर्षण दर वेळी म्यू गुणिले एन धरलं की ताळा का बसत नाही?

पहिलंसेमिस्टर:
नमस्कार. इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधलं घर्षणाचं एक गणित तीन भागांत आहे. पहिला भाग सुटला, पुढचे दोन अडलेत.

५ मीटर लांबीची, २०० न्यूटन वजनाची एकसारखी शिडी जमिनीशी ६०° कोन करून भिंतीला टेकवली आहे. जमीन आणि शिडी यांच्यातला घर्षण गुणांक ०.३. शिडीवर ८०० न्यूटन वजनाचा माणूस चढतो. शिडीचं खालचं टोक ए, वरचं बी. माणसाचं ए पासून शिडीवरून मोजलेलं अंतर क्ष. एन म्हणजे पृष्ठभागाने त्याला काटकोनात लावलेलं (लंब) बल, एफ म्हणजे घर्षण, म्यू म्हणजे घर्षण गुणांक; एनए, एफबी यांतलं शेवटचं अक्षर टोकाचं.

(१) भिंत गुळगुळीत असेल तर शिडी घसरण्याआधी माणूस किती अंतर चढू शकेल? माझं उत्तर २.६२ मीटर, पुस्तकातलंही तेच.

(२) माणूस १ मीटरवर उभा असताना जमिनीचं घर्षण किती? मी एनए = १००० न्यूटन, म्हणून एफए = ०.३ × १००० = ३०० न्यूटन लिहिलं. मग आडव्या बलांवरून एनबी सुद्धा ३००. पण ए भोवती मोमेंट (बलाचा फिरवण्याचा परिणाम: बल गुणिले लंब अंतर) घेतले तर एकीकडे ३०० × ४.३३ = १२९९ येतात आणि दुसरीकडे २५० + ४०० = ६५०. उरलेले ६४९ न्यूटन-मीटर कुठून आले? तीन वेळा तपासलं, आकडेमोड बरोबर आहे.

(३) भिंतही खडबडीत, तिचा गुणांक ०.२. माझं उत्तर २.४३ मीटर, पुस्तकातलं २.७९. इथे काय चुकतंय?

ओळंबा:
आकडेमोड खरंच बरोबर आहे. चूक त्याच्या एक ओळ आधी झाली आहे.

०.३ × एनए हे घर्षण नाही. ती घर्षणाची कमाल मर्यादा आहे. जमीन जास्तीत जास्त ३०० न्यूटन देऊ शकते, पण देते तेवढंच जेवढं शिडी जागच्या जागी राहायला लागतं. पहिल्या भागात 'घसरण्याआधी जास्तीत जास्त' असे शब्द आहेत, म्हणजे शिडी घसरण्याच्या बेतात आहे आणि मर्यादा गाठली आहे. म्हणून तिथे बरोबरचं चिन्ह चाललं. दुसऱ्या भागात माणूस १ मीटरवर नुसता उभा आहे. घसरण्याचा उल्लेखच नाही. तिथे एफए हे अज्ञात आहे आणि ते समतोलाच्या समीकरणांतूनच काढायचं.

ए भोवती मोमेंट घ्या. एनए आणि एफए दोन्ही ए मधूनच जातात, ती आपोआप गळतात:

एनबी × ५ साइन ६० = २०० × २.५ कॉस ६० + ८०० × १ × कॉस ६०
एनबी × ४.३३ = २५० + ४०० = ६५०
एनबी = १५०.१ न्यूटन

आडव्या दिशेला दोनच बलं आहेत, म्हणून एफए = १५०.१ न्यूटन. आता कमाल मर्यादेशी तुलना: १५०.१ हे ३०० पेक्षा कमी, म्हणजे शिडी टिकते. ही तुलना शेवटीच करायची. ती सुरुवातीला समीकरण म्हणून लिहिली की अज्ञातं तीन राहत नाहीत, दोनच उरतात, आणि तिसरं समीकरण खोटं ठरतं. तुमचे ६४९ तिथून आले.

मनात चित्र आणून पाहा. भिंत शिडीला बाहेर ढकलतेय १५० न्यूटनने, आणि जमीन आत ढकलतेय ३०० ने. मग शिडीचा पाय आपोआप भिंतीकडे सरकायला हवा आणि वरचं टोक भिंतीवर चढायला हवं. उभी शिडी असं कधीच करत नाही.

ताळा बी भोवती घ्या, कारण ते समीकरण आपण अजून वापरलेलं नाही:
१००० × २.५ − १५०.१ × ४.३३ − २०० × १.२५ − ८०० × २ = २५०० − ६५० − २५० − १६०० = ०. बसला.

तुळई:
तिसऱ्या भागाबद्दल. २.४३ हा आकडा पाहिल्याबरोबर थांबायला हवं होतं. गुळगुळीत भिंतीला २.६२ आणि खडबडीत भिंतीला २.४३? म्हणजे भिंत खडबडीत केल्यावर शिडी लवकर घसरली. असं होत नाही. उत्तर पुस्तकाशी जुळवण्याआधी आधीच्या भागाशी जुळवत जा.

तू भिंतीवरचं घर्षण खाली दाखवलं आहेस, म्हणूनच हा आकडा येतो. बहुतेकांची गल्लत एकाच कारणाने होते: शिडी घसरताना वरचं टोक भिंतीला घासत खाली जातं, म्हणून बाण खाली काढला जातो. पण खालचा बाण हा शिडीने भिंतीवर लावलेल्या बलाचा आहे. आपण एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकट्या वस्तूवरच्या बलांची आकृती) शिडीची काढतोय. तिच्यावर फक्त दुसऱ्यांनी तिला लावलेली बलं यायला हवीत. भिंत शिडीला वर धरते. बाण वर.

एफबीडी काढताना भिंत आणि जमीन खरोखर खोडून टाक. कागदावर नुसती एक तिरकी रेघ राहू दे. मग रेघेच्या एकेका टोकाला बोट ठेवून विचार: इथे काय टेकलं होतं, ते या टोकाला कुठे ढकलत होतं, आणि टोक सरकू पाहतंय त्याच्या उलट दिशा कोणती? बी खाली सरकू पाहतं, म्हणून घर्षण वर. ए भिंतीपासून दूर सरकू पाहतं, म्हणून घर्षण भिंतीकडे.

आता समीकरणं. दोन्ही टोकं एकाच वेळी घसरायच्या बेतात आहेत (एक टोक सरकल्याशिवाय दुसरं सरकूच शकत नाही), म्हणून दोन्हीकडे कमाल मर्यादा घेता येते.

उभ्या दिशेला: एनए + ०.२ एनबी = १०००
आडव्या दिशेला: एनबी = ०.३ एनए
यावरून १.०६ एनए = १०००, एनए = ९४३.४, एनबी = २८३.०, एफबी = ५६.६ न्यूटन.

ए भोवती मोमेंट: २८३.० × ४.३३ + ५६.६ × २.५ = २५० + ४०० क्ष
१२२५.५ + १४१.५ = १३६७, म्हणून क्ष = २.७९ मीटर.

एनए आता १००० नाही, इकडे लक्ष दे. भिंतीने थोडं वजन उचललं की जमिनीवरचा दाब कमी होतो, आणि त्याबरोबर जमिनीचं कमाल घर्षणही ३०० वरून २८३ वर येतं. म्हणून खडबडीत भिंतीचा फायदा वाटतो त्यापेक्षा लहान निघाला, फक्त १७ सेंटिमीटर. एनए = १००० हे पहिल्या भागातून तसंच उचलून इथे लिहिणं ही या प्रकारच्या गणितातली दुसरी नेहमीची चूक.

पहिलंसेमिस्टर:
दोन्ही भाग समजले, मनापासून आभार. बाण खालीच काढला होता. एक शंका उरली: भिंत खडबडीत आणि माणूस १ मीटरवर, तर जमिनीचं घर्षण किती? तिथे मर्यादा घेता येणार नाही, मग समीकरणं तीनच आणि अज्ञातं चार होतात ना?

ओळंबा:
बरोबर मोजलंत. एनए, एफए, एनबी, एफबी ही चार अज्ञातं आणि समतोलाची समीकरणं तीन. त्यामुळे एक ठरावीक उत्तर निघत नाही. शिडी किती लवचिक आहे, ती ठेवताना आधी कुठे टेकली, यावर भिंत किती वजन उचलते ते ठरतं, आणि ही माहिती गणितात दिलेली नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर शब्द पुन्हा वाचा, बहुतेक वेळा 'भिंत गुळगुळीत धरा' असं कुठेतरी लिहिलेलं असतं.

पण हात टेकायची गरज नाही, पल्ला काढता येतो. मोमेंटचं समीकरण असं होतं: एनबी × ४.३३ + एफबी × २.५ = ६५०. एफबी ची मर्यादा वरच्या बाजूला ०.२ एनबी आणि खालच्या बाजूलाही तेवढीच.
भिंत पूर्ण जोराने वर धरत असेल तर एनबी = ६५० ÷ ४.८३ = १३४.६ न्यूटन.
काहीच धरत नसेल तर १५०.१.
उलट खाली ओढत असेल (शिडी वरून दाबून बसवली असेल तर असं होऊ शकतं) तर ६५० ÷ ३.८३ = १६९.७.

जमिनीचं घर्षण एनबी एवढंच, म्हणजे १३४.६ ते १६९.७ यांच्या मध्ये कुठेतरी. जमीन २८० न्यूटनच्या वरच देऊ शकते, त्यामुळे शिडी टिकते हे मात्र ठामपणे सांगता येतं. कित्येकदा तेवढंच हवं असतं.

त्रिकोणपट्टी:
समीकरणं सुटली की एकदा पट्टी घेऊन काढून पाहा. हा ताळा सगळ्यांत भरवशाचा, कारण यात चिन्हांची गल्लत होत नाही.

१ मीटर = ४ सेंटिमीटर घ्या. शिडी २० सेंटिमीटर, वरचं टोक १७.३ सेंटिमीटर उंचीवर. ए मधून उभ्या रेषेशी १६.७° कोन करणारी, भिंतीकडे झुकलेली रेष काढा. १६.७° कुठून आला? ज्याचा टॅन ०.३ तो कोन, म्हणजे घर्षण कोन. जमिनीचं एकूण बल (लंब आणि घर्षण मिळून) घसरण्याच्या बेतात याच रेषेवर असतं. गुळगुळीत भिंतीचं बल आडवं, म्हणून बी मधून आडवी रेष काढा. दोन रेषा जिथे छेदतात तिथून खाली ओळंबा सोडा. शिडी आणि माणूस यांचं एकत्र वजन बरोबर त्याच उभ्या रेषेवर यायला हवं, कारण तीन बलं समतोलात असतील आणि समांतर नसतील तर ती एका बिंदूतूनच जातात. ओळंबा ए पासून ५.२ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे १.३० मीटर.

आता आकड्यांत: एकत्र वजनाचं ए पासूनचं आडवं अंतर (२५० + ४०० क्ष) ÷ १०००. ते १.३० शी जुळवलं की क्ष = २.६२. पहिला भाग एका ओळीत सुटतो: आडवं अंतर = ०.३ × उंची.

तिसऱ्या भागात बी मधली रेष आडवी न काढता ११.३° ने अशी काढा की भिंतीपासून दूर जाताना ती वर चढेल. छेदबिंदू ५.४७ सेंटिमीटरवर सरकतो, क्ष २.७९ येतो. बाण खाली धरला असता तर हीच रेष दूर जाताना उतरली असती आणि छेदबिंदू ए च्या जवळ आला असता. चूक डोळ्यांना दिसते.

तुळई:
त्रिकोणपट्टी यांच्या रेषेवरून आणखी एक गोष्ट लगेच निघते. माणूस अगदी टोकाला गेला तर एकत्र वजन शिडीच्या ०.९ लांबीवर येतं (५०० आणि ४००० यांची बेरीज भागिले १०००, म्हणजे ४.५ मीटर). भिंत गुळगुळीत असताना जमिनीला लागणारा गुणांक = ०.९ ÷ टॅन थीटा (थीटा म्हणजे शिडीचा जमिनीशी कोन). ६०° ला तो ०.५२ येतो, आपल्याकडे ०.३ च आहे. ०.३ मध्ये टोकापर्यंत जायचं तर टॅन थीटा किमान ३, म्हणजे कोन ७१.६° हवा. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या साधारण चौथाई अंतरावर ठेवायचा, या कामावरच्या नियमात टॅन ४ होतो आणि ०.२२५ गुणांक पुरतो. ६०° ची शिडी पुस्तकापुरतीच ठेव, प्रत्यक्षात तशी लावू नकोस.

आणि शिडीच्या पायावर दुसरा माणूस का उभा करतात तेही याच समीकरणात आहे. ६०० न्यूटनचा माणूस ए जवळच उभा राहिला तर त्याचा ए भोवती मोमेंट जवळपास शून्य, पण एनए १६०० होतो आणि कमाल घर्षण ४८०. मग ४८० × ४.३३ = २५० + ४०० क्ष, क्ष = ४.५७ मीटर. तोच माणूस दोन-तीन पायऱ्या वर चढून उभा राहिला तर त्याचाही मोमेंट जमेस धरावा लागतो आणि फायदा झपाट्याने घटतो.

ओळंबा:
दोन बारीक गोष्टी राहिल्या.

कॅल्क्युलेटर ग्रॅडमध्ये (अंशाऐवजी कोन मोजायचं वेगळं एकक) असेल तर साइन ६० ची किंमत ०.८६६ ऐवजी ०.८०९ दाखवतो आणि उत्तर पटण्यासारखंच दिसतं, त्यामुळे चूक पकडली जात नाही. रेडियनमध्ये निदान उणे किंमत येते आणि शंका तरी येते. पेपर सुरू करताना साइन ३० दाबून ०.५ येतो का पाहा.

दुसरं, भिंतीची लंब रिअॅक्शन भिंतीला काटकोनात का, शिडीला का नाही, यावर पुढच्याच गणितात अडाल. शिडीचं टोक सपाट भिंतीला टेकलं तर बल भिंतीला काटकोनात. पण शिडी कठड्याच्या कडेवर टेकून पुढे वर गेली असेल तर तिथे कड टोकदार आणि शिडी सपाट, म्हणून बल शिडीला काटकोनात. जी बाजू सपाट, तिच्याशी काटकोन. कठड्याच्या गणितात या बलाचे आडवा आणि उभा असे दोन भाग होतात, आणि गुळगुळीत कठडा असला तरी एनए १००० राहत नाही.

पहिलंसेमिस्टर:
आलेखाच्या कागदावर काढून पाहिलं, ५.२ आणि ५.५ आले. बी भोवतीचा ताळाही शून्य आला. कठड्याचं गणित खरंच पुढच्याच पानावर आहे, एफबीडी काढून उद्या इथेच टाकते.