मराठीत दंग्याला शब्द नाहीत, असं कोण म्हणतं?

अशोकस्तंभ_जुना: काल आपल्या नाशिककरांच्या ग्रुपवर एका क्लासवाल्यांनी टाकलं की इंग्रजीत आरडाओरडा, दंगामस्तीला डझनभर शब्द आहेत, मराठीत सगळ्याला एकच ‘गोंधळ’, म्हणून आपली पोरं ढोबळ बोलतात. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रविवार कारंज्यावर असतो तो गलका. बाई वर्गात येईपर्यंत चालतो तो कलकलाट. टँकर आला की कालवा, लग्नघरात गलबला. पोरं गाद्यांवर उड्या मारतात तो धुडगूस, पिऊन गल्लीत घालतात तो धिंगाणा, मोर्च्यात घुसून काचा फोडतात ती हुल्लडबाजी. एकाच्या जागी दुसरा घालून बघा, लगेच कानाला खटकतं.

पोरांचंही तेच. आजी ‘अवखळ आहे गं’ म्हणायची तेव्हा हसत असायची. ‘द्वाड’ म्हणाली की पदर खोचलेला असायचा. ‘वांड’ ऐकलं की आम्ही माळ्यावर, कारण तिच्या हातात उलथनं आलेलं असायचं. ‘टारगट’ मात्र घरच्या पोराला तिनं कधी म्हटलं नाही. तो शब्द कोपऱ्यावर उभं राहणाऱ्यांचा.

नववी_ब_च्या_बाई: काका, शब्द आहेत, मान्य. पण माझ्या वर्गात ‘गलका’ आणि ‘कलकलाट’ यातला फरक विचारा, चार हात वर येतील. आणि इंग्रजीवर राग कशाला? बॉइस्टरस म्हणजे उत्साह ऊतू जातोय, मनात वाईट काही नाही. राउडी म्हटलं की हाणामारी आली. रॉकस हा आवाजाचा पोत, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच घोगरा. ऑब्स्ट्रेपरस ओरडतो आणि वर ऐकतही नाही. व्होसिफरस तर न्याय्य मागणीसाठीही होता येतं. गाइडमध्ये पाचही शब्दांपुढे ‘गोंगाट करणारा’ छापलेलं असतं. खरं नुकसान तिथं होतं.

सिडकोचा_बाबा: बाईंचं पटलं, कारण भोगलंय. मुलगा तिसरीत. प्रगतिपुस्तकात शेरा ‘राउडी’. शाळा बदलताना नव्या ठिकाणी पहिला प्रश्न, ‘मारामारी करतो का?’ कर्नाटकात पोलीस गुंडांच्या नावानं राउडी शीट उघडतात, आणि इथं आठ वर्षांच्या पोराला तोच शब्द! बायको दोन दिवस जेवली नाही. जुन्या बाईंना भेटलो तर म्हणाल्या, ‘अहो, मला चळवळ्या म्हणायचं होतं.’ दोन खेपा घालून शेरा बदलून घेतला.

पंचवटी_ढोल: पोराचा शेरा तरी बदलून मिळाला. एका इंग्रजी लेखात आमच्या ढोलाला ‘रॉकस’ म्हटलंय, आता बाईंमुळे कळलं की घोगरा. नाशिक ढोल घोगरा? ताशाच्या काड्या ताल धरतात, त्यावर ढोलाचं टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, पडतं. एक पोरगा चुकला तर पथक थांबतं. महिनाभर हाताला फोड येतात. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारतात, त्यालाही हे राउडीच म्हणणार. आधी रहाडीची पूजा होते, हे कुणी लिहीत नाही.

दवाखान्यासमोर: तालाचं कौतुक पुरे. वडिलांची बायपास होऊन पाचवा दिवस, रात्री साडेअकरा वाजता तुमच्यासारखंच एक पथक खिडकीखाली. काचा थरथरत होत्या आणि ते माझा हात धरून ‘थांबव रे’ म्हणत होते. नियम 2000 सालापासून आहेत. रुग्णालयाभोवती किमान 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र जाहीर करता येतो, तिथं मर्यादा दिवसा 50 डेसिबल, रात्री 40. शब्द कुठलाही लावा, मला ती दंडेलीच वाटते.

पंचवटी_ढोल: आमच्यासारखंच म्हणजे? तुम्ही पाहिलंत आम्हाला? डीजेवाले भिंती हलवतात तेव्हा तुमचा आवाज निघत नाही, ढोल दिसला की कायदा आठवतो.

दवाखान्यासमोर: डीजेची तक्रार मीच केली होती, दोनदा. माहिती नसताना बोलू नका.

देवळाली_कॅम्प: भांडा, पण एक ऐका. बेताल वागण्याचा एक इंग्रजी शब्द आपल्याच गावानं दिलाय. डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला. मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत बसायचे, त्यांच्या वागण्यावरून तो शब्द पडला. पूर्ण रूप ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

अशोकस्तंभ_जुना: नाव आपल्या गावाचं, वेड त्यांचं. तमाशाचंही तेच केलं. इंग्रजी कोशात तमाशा म्हणजे गडबड, गोंगाटसुद्धा. ढोलकी-लावणीची कला आणि हा अर्थ!

नववी_ब_च्या_बाई: काका, रागावू नका, पण ‘चारचौघांत तमाशा करू नकोस’ हे कोणत्या इंग्रजानं शिकवलं? आणि गोंधळ? संबळ, तुणतुणं, हातात दिवटी, रात्रभर देवीचं जागरण. त्या शब्दाचा अर्थ अव्यवस्था आपणच केला. मीही रोज वर्गात म्हणते, ‘गोंधळ करू नका.’ आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात, तरीही म्हणते.

अशोकस्तंभ_जुना: हे बोचलं. मान्य करावं लागतंय. पण क्लासवाल्यांचं म्हणणं तरीही चूक, त्यावर मी हटणार नाही.

पंचवटी_ढोल: दवाखान्यासमोरचे दादा, आमचं पथक रुग्णालयापाशी ढोल बंद ठेवून चालतं. मागच्या वर्षी गर्दीत नाही ठेवले. ते चुकलं. वडील कसे आहेत?

दवाखान्यासमोर: बरे आहेत, गंगेवर, आपल्या गोदाकाठी, फिरायला जातात. तुमच्या ढोलाला घोगरा म्हणणार नाही. रात्री दहानंतर मात्र वाजवायचा नाही.

पंचवटी_ढोल: दहा. ठीक.