मृत्यूच्या नोंदीत सर्पदंश नाही, 'अरेस्ट' (हृदय-श्वास थांबणं) आहे. कारण दुरुस्त होतं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. गाव नगर जिल्ह्यातलं. माझा चुलतभाऊ ऐन पावसाळ्यात गेला. शेतावरच्या खोलीत खाली गोधडी टाकून झोपला होता. पहाटे पोटात कळ येते म्हणून उठला. घरच्यांना पित्त वाटलं, ओवा दिला. उजाडेपर्यंत पापण्या उचलेनात, बोलणं जड झालं. तालुक्याला नेताना वाटेतच गेला. खाजगी दवाखान्याने नमुना 4अ (मृत्यूच्या कारणाचं डॉक्टरी प्रमाणपत्र) दिला, त्यात कारण 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट'. पोस्टमॉर्टेम नाही, अंत्यविधी उरकला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी अंथरूण झटकलं तर त्यात मण्यार! काळीभोर, अंगावर पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या. फोटो आहे. अंगावर दंशाची खूण कुणालाच दिसली नव्हती, मण्यारीचं असंच असतं म्हणतात.

ग्रामसेवकांनी 21 दिवसांच्या आत नोंद केली, मृत्यूचा दाखलाही आला. आता गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेच्या 2 लाखांसाठी कृषी कार्यालय सर्पदंशाचा पुरावा मागतंय. नोंदीतलं कारण बदलता येतं का? कुणाकडे जायचं?

वहिनींना पैशाची गरज आहेच. पण आमच्या पंचायतीच्या रजिस्टरात सापाने कुणी मेल्याचं दिसतच नाही, मग आरोग्य केंद्रात सापाची लस ठेवा म्हणून कशाच्या जोरावर भांडायचं? देशात वर्षाला सुमारे 58,000 माणसं सर्पदंशाने जातात असा 2020 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. आमचा भाऊ कुठल्याच सरकारी आकड्यात नाही.

प्रतिसाद:
वाईट वाटलं. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापतच नाहीत, 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 17 बघा. त्यामुळे दाखला बदलून आणायच्या मागे लागू नका, मृत्यूचं कारण 4अ मध्ये असतं. 'अरेस्ट' हे कारणच नव्हे, हृदय तर सगळ्यांचंच थांबतं. ते कशामुळे थांबलं, हे सगळ्यात खालच्या ओळीत लिहायचं असतं.

कलम 15 खाली निबंधक, म्हणजे तुमचे ग्रामसेवक, चूक सिद्ध झाली तर मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करू शकतात. पण त्याला आधार लागेल. पोस्टमॉर्टेम नसल्याने डॉक्टर सर्पदंश लिहायला कचरतील. खरं तर असा मृत्यू पोलिसांना कळवायलाच हवा होता. म्हणून आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, अकस्मात मृत्यूची नोंद करायला सांगा. सोबत फोटो, पोलीस पाटलांचा जबाब, वहिनींचा जबाब. फोटो मूळ मोबाइलमध्येच ठेवा, त्यावर तारीख-वेळ असते. पोलिसांचा कागद हातात आला की मग डॉक्टर आणि ग्रामसेवक. तोवर योजनेचा अर्ज अडवून ठेवू नका, आहे त्या कागदांवर दाखल करून पोच घ्या.

4अ ची प्रत तुमच्याकडे आहे का?

धागाकर्ता:
नाही, दवाखान्याने थेट पंचायतीत दिली.

प्रतिसाद:
मग मागा. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या, या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार ती जवळच्या नातेवाईकाला द्यावी लागते, तीही फुकट. अर्ज वहिनींच्या सहीने करा.